नकाशावरचं शहर आणि नकाशाबाहेरची गावं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नगररचनाकारांची परिषद भरली की तिची बातमी आतल्या पानावर, एखाद्या कोपऱ्यात येते. मंत्रिमहोदय समई पेटवतात, निबंध वाचले जातात, पडद्यावर रंगीत नकाशे दिसतात, शेवटी चार ठराव होतात आणि मंडळी आपापल्या गावी परततात. बातमी वाचणाऱ्याला वाटतं, या विद्वानांच्या बैठकीत आपल्याला काय? पाणी आलं की नाही, गाडी वेळेवर सुटली की नाही, एवढंच आपण पाहायचं.

पण नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला असं म्हणून सुटता येत नाही. आपली बहुतेक शहरं आधी वसली आणि त्यांचे नकाशे मागाहून निघाले. नाशिकला घाट होता, पैठणला नदीचा उतार होता, पुण्याला कसबा होता, साताऱ्याला किल्ला होता. माणसं जमली, पेठा झाल्या, मग केव्हातरी मोजणीदार साखळी घेऊन आला. नवी मुंबईचं नेमकं उलटं झालं. हे शहर आधी लेखात आलं, मग समितीच्या अहवालात, मग नकाशात, आणि सर्वांत शेवटी जमिनीवर. थोडक्यात, ज्यांच्या परिषदांकडे आपण दुर्लक्ष करतो, त्यांच्याच टेबलावर या शहराचा जन्म झाला. म्हणून त्या टेबलाचा इतिहास आपण समजून घ्यायला हवा. टेबलाभोवती कोण बसलं होतं हे पाहायचंच, पण कोण बसलं नव्हतं हेही पाहायचं.

या धंद्याची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय बैठक १९१० मध्ये लंडनला भरली. ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने ती बोलावली होती. तिच्यासोबत एक प्रदर्शन होतं आणि त्या प्रदर्शनात एडिंबरा शहराची सगळी कुंडली मांडणारी एक खोली होती. ती मांडणारा गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. नाव पॅट्रिक गेडीस. पुढे हाच गेडीस आपलं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाला. १९१४ साल होतं, महायुद्ध पेटलेलं होतं. त्याचे नकाशे आणि चित्रं ज्या जहाजावर होती, ते जहाज हिंदी महासागरात जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडवलं. विलायतेतल्या मित्रांनी धावपळ करून नवी चित्रं जमवून पाठवली आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलं.

त्याच वर्षी मुंबई इलाख्यात एक कायदा झाला. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा. हिंदुस्थानातला या प्रकारचा हा पहिला कायदा. त्याची युक्ती साधी होती. गावाबाहेरच्या शेतांचे वेडेवाकडे तुकडे कागदावर एकत्र करायचे, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांनाच परत करायची. मालकाची जमीन थोडी कमी व्हायची, पण रस्ता आल्यामुळे तिची किंमत वाढायची. मुंबईतल्या वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ल्याच्या कित्येक गल्ल्या अशा योजनांतून निघाल्या. तिथल्या जुन्या पत्त्यांत आजही 'टीपीएस' ही तीन अक्षरं दिसतात, ती या नगररचना योजनांची. हा कायदा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. आपले गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यानेच हेरून शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं आणि पुढे घुर्ये त्याच्या जागेवर आले. गेडीसचं म्हणणं असं, की आधी निदान, मग औषध. शहर पायी हिंडून पाहा, माणसांशी बोला, विहिरी मोजा, झाडं मोजा, मगच कागदावर रेघ ओढा. या म्हणण्याला मुंबईतच एक पार्श्वभूमी होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ निघालं होतं आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढताना गरिबांची घरं पडली होती. ज्यांची घरं पडली ते शेजारच्या चाळीत जाऊन तिथली गर्दी वाढवत होते. गेडीसला हा इलाज रोगापेक्षा वाईट वाटे. शस्त्रक्रिया करायचीच तर जपून करा, असा त्याचा आग्रह होता.

इंदूरला होळकर दरबारासाठी काम करताना त्याने काय केलं, ती हकिगत मोठी गमतीची आहे. शहरात प्लेगची धास्ती. साहेब रस्त्यातून निघाला की लोक घाबरून दारं लावत, कारण नकाशावाला आला म्हणजे घर पडणार हे ठरलेलं! गेडीसने मग दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं. ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ, त्याच आळ्यांतून मिरवणूक जाणार, असं जाहीर केलं. आणि काय सांगावं, लोकांनी कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या भरून बाहेर काढल्या. मिरवणुकीत प्लेगच्या भल्यामोठ्या उंदराचंही सोंग होतं. त्याचा इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. मला त्या अहवालापेक्षा ही मिरवणूक महत्त्वाची वाटते. ज्यांच्या शहराची योजना करायची त्यांनाच सोबत घेऊन चालणारा माणूस आपल्या मराठी राज्यकर्त्यांच्या एका संस्थानात येऊन गेला होता.

स्वातंत्र्यानंतर या व्यवसायाला देशात रीतसर रूप आलं. १९५१ मध्ये भारतीय नगररचनाकारांची संस्था स्थापन झाली. वर्षातून एकदा परिषद भरवण्याची प्रथा पडली. इकडे मुंबई फुगत होती. १९५१ च्या जनगणनेत मुंबई सुमारे तीस लाखांची होती, १९६१ मध्ये साडेएकेचाळीस लाखांची झाली आणि १९७१ मध्ये साठ लाखांच्या जवळ पोचली. त्यातही शहराची ठेवण अशी, की कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं उत्तरेला. सकाळी सगळ्या गाड्या दक्षिणेकडे भरून जाणार, संध्याकाळी उत्तरेकडे भरून येणार. एखादं दार एकाच बाजूला उघडावं, तसं हे शहर.

यावर समित्या बसल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मोडक आणि मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली होती. त्यानंतर स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ च्या सुमारास ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडच्या तीरावर जावं, असं सुचवलं. पानशेतच्या पुरानंतर पुण्याची घडी बसवणारे ते हेच बर्वे. मग १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाच्या एका अंकात तिघांनी आपली कल्पना मांडली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल. मुंबईची वाढ उत्तर-दक्षिण अशी ओढत नेऊ नका, ती पूर्वेला वळवा, बंदराच्या पलीकडे नवं शहर वसवा, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. तिघेही तेव्हा तरुण होते, सरकारी पदावर नव्हते. त्याच सुमारास सरकारने अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची समिती नेमली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, तेच गाडगीळ. त्यांच्या समितीनेही एकट्या मुंबईचा विचार सोडून पनवेलपर्यंतच्या सगळ्या प्रदेशाचा विचार करावा, असं सांगितलं. १९६६ मध्ये प्रादेशिक आणि नगररचनेचा कायदा झाला आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. जे. बी. डिसोझा तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक होते. कोरिया मुख्य वास्तुविशारद झाले आणि पटेलांकडे नियोजन आलं. लेख लिहिणाऱ्यालाच तुम्ही शहर बांधा म्हणून सांगावं, असं भाग्य आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला आलं आहे.

आराखड्याचा मसुदा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७९ मध्ये त्याला सरकारची मंजुरी मिळाली. क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. लोकसंख्या वीस लाख धरलेली. एकच मोठं शहर करायचं नाही, तर रेल्वेच्या दोरीत ओवलेल्या मण्यांसारखी छोटी छोटी नगरं करायची. वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल अशी. प्रत्येक नगरात शाळा आणि बाजार चालण्याच्या अंतरावर. आणि खर्च भागवायचा कसा? सगळी जमीन सरकारने आधीच घ्यायची, तिथे रस्ते, पाणी, वीज आणायची आणि वाढलेल्या किमतीतून पुढचा खर्च काढायचा. जमिनीची किंमत वाढते ती समाजाच्या खर्चाने, तेव्हा त्या वाढीचा लाभ दलालाला न मिळता समाजालाच मिळावा, हा विचार न्याय्य होता. आजही तो वाचताना मान डोलावी वाटते.

मात्र हा हिशेब मांडताना एक गोष्ट रकान्याबाहेर राहिली. ३४४ चौरस किलोमीटरचा तो कागद कोरा नव्हता. त्यावर ९५ गावं होती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली. आगरी, कोळी आणि इतर समाजांची. भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. भरतीचं खारं पाणी अडवायला बांध होते आणि त्या बांधांत उघाड्या होत्या. ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी बाहेर जायचं, भरतीला ती मिटायची. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे शास्त्र. पुढे शहर वसवताना याच सखल जमिनीवर पावसाचं पाणी साठवणारे तलाव खोदले आणि त्यांना भरतीच्या वेळी मिटणारी झडपं बसवली. ही पद्धत हॉलंडची म्हणून तिचं कौतुक होतं. कौतुक व्हायलाच हवं, कारण ती चांगली आहे. पण उघाडी सांभाळणारा इथला शेतकरी त्या झडपेचा थोरला भाऊबंद होता, ही गोष्ट कोणत्या परिषदेच्या निबंधात वाचली जाते?

जमिनी गेल्या. मोबदला मिळाला, पण तो तुटपुंजा आहे असं गावांचं म्हणणं होतं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. दर वर्षी जानेवारीत त्या हुतात्म्यांना अभिवादन होतं. त्यानंतर, १९९० पासून, ज्यांची जमीन गेली त्यांना तिच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. नवी मुंबईत 'साडेबारा टक्के' एवढंच म्हटलं तरी कशाविषयी बोलणं चाललं आहे हे कळतं. तेव्हा एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वाढलेल्या किमतीतला वाटा मूळ मालकाला मिळावा, हे तत्त्व १९७३ च्या आराखड्याने दिलेलं नाही. ते आंदोलनाने मिळवलं, आणि त्यासाठी माणसं गेली.

आता आराखड्यातल्या इतर वचनांचं काय झालं ते पाहू. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. पण रेल्वे? ज्या दोरीत हे मणी ओवायचे, ती दोरी मानखुर्दहून वाशीला पोचली मे १९९२ मध्ये. तेही सिडकोने खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा उचलला तेव्हा. म्हणजे मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एकोणीस वर्षं. मधल्या काळात वाशीला राहायला येणं म्हणजे बसच्या रांगेत आयुष्य काढणं. दुसरं वचन सरकारी कचेऱ्यांचं. राज्याचा कारभार पलीकडे गेला तर त्यामागून खासगी कचेऱ्याही जातील, असा कोरियांसारख्यांचा आग्रह होता. बेलापूरला कोकण भवन आलं, पण मंत्रालय जागचं हललं नाही. उलट ज्या वर्षांत खाडीपलीकडे नवं केंद्र उभारायचं चाललं होतं, त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून उंच कचेऱ्या उभ्या राहत होत्या. एका हाताने पाणी उपसायचं आणि दुसऱ्या हाताने ओतायचं, असा हा प्रकार. त्यामानाने बाजार लवकर हलला. कांदा-बटाट्याची घाऊक पेठ १९८१ मध्ये वाशीला आली आणि मागोमाग धान्य, भाजी, फळं आली. मंत्र्यांच्या आधी कांदा-बटाट्याने आराखड्याचा मान राखला, असं म्हणायला हरकत नाही!

१९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत सुमारे ११ लाख २० हजार माणसं होती. रुंद रस्ते, झाडं, खाडीकाठचे पदपथ, स्वतःचं धरण असलेली महापालिका, हे सारं आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो आणि ते दाखवण्यासारखं आहेच. बेलापूरला कोरियांनी १९८० च्या दशकात केलेली कलाग्राम वसाहत आहे. अंगणाभोवती लहान घरं, हळूहळू वाढवता येतील अशी. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी ती बघायला येतात. पण शेजारच्या गावठाणात काय घडलं? कुटुंबं वाढली, गावाची हद्द मात्र नकाशात जिथे आखली तिथेच राहिली. शेती गेलेली, मुलगा लग्नाचा झालेला, मग घरावर मजला चढला, अंगणात खोली निघाली. सरकारी भाषेत यांना अनधिकृत बांधकामं म्हणतात, गावात 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. त्यांत पुढे भाड्याचा धंदाही शिरला, हेही खरं आहे. तरी मूळ प्रश्न उरतोच. वीस लाख नव्या माणसांची घरं मोजणाऱ्या आराखड्याने जुन्या ९५ गावांच्या नातवंडांची घरं किती नेमकेपणाने मोजली होती?

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मी हे जुने अहवाल पुन:पुन्हा वाचतो, तेव्हा एक गोष्ट मला ठळक दिसते. आराखड्यातलं जे सिमेंट आणि डांबर होतं, ते उशिरा का होईना पण झालं. ज्याला राजकीय निर्धार लागत होता, ते मागे पडलं. आणि जे आराखड्यात नव्हतंच, ते लोकांनी रस्त्यावर येऊन लिहून घेतलं. यात रचनाकारांची बुद्धी कमी पडली असं मी म्हणणार नाही. ती माणसं हुशार होती आणि प्रामाणिकही होती. पण गेडीसची पायी हिंडण्याची शिकवण त्या घाईत मागे राहिली. टेबल पुरेसं लांब नव्हतं.

कोणी म्हणेल, हे सगळं होऊन गेलं, आता उगाळून काय उपयोग? उपयोग आहे. कारण हा खेळ पुन्हा मांडला गेला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या विमानतळासाठी दहा गावं उठली. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवलीवाडा ही त्यांतली काही नावं. त्यांना साडेबावीस टक्के विकसित जमिनीचं धोरण लागू झालं. म्हणजे जासईनंतरच्या साडेबारावरून गाडी साडेबावीसवर आली. आणि विमानतळाभोवती 'नैना' नावाचं क्षेत्र २०१३ मध्ये जाहीर झालं. सुरुवातीला त्यात २७० गावं होती. नवी मुंबईच्या ९५ गावांच्या जवळजवळ तिप्पट.

आता गंमत पाहा. या 'नैना'त सिडको सगळी जमीन विकत घेत नाही. जमिनी एकत्र करून, रस्ते-बागा काढून, चाळीस टक्के जमीन अंतिम भूखंडाच्या रूपाने मालकाला परत द्यायची, अशी नगररचना योजना तिथे राबवली जात आहे. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं तीच ही १९१५ ची युक्ती! शंभर वर्षांनी आपण फिरून पहिल्या पायरीवर आलो. मला हे पाऊल पुढचं वाटतं, कारण यात शेतकरी हिशेबात राहतो, केवळ मोबदला घेऊन बाहेर जात नाही. पण साठ टक्के जाणार आणि चाळीस टक्के मिळणार हे अनेक शेतकऱ्यांना मान्य नाही. त्यांचाही विरोध चालू आहे, मोर्चे निघत आहेत. त्यांची शंका समजण्यासारखी आहे. त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनीच मागच्या पन्नास वर्षांत नकाशे पाहिले आहेत. नकाशातला रस्ता केव्हा येतो आणि नकाशातली रेल्वे किती वर्षांनी येते, हे त्यांना तोंडपाठ आहे.

म्हणून नवी मुंबईत भरणाऱ्या नगररचनाकारांच्या कोणत्याही परिषदेकडून मी दोन साध्या अपेक्षा ठेवीन. पहिली, नवा निबंध वाचण्याआधी जुना आराखडा उघडावा. प्रत्येक वचनापुढे ते पाळलं गेलं का आणि किती वर्षांनी, हे जाहीरपणे लिहावं. डॉक्टर मागची चिठ्ठी पाहिल्याशिवाय पुढचं औषध देत नाही. शहराच्या डॉक्टरांनी तरी का द्यावं? दुसरी, परिषदेतला एक दिवस सभागृहात न बसता गावठाणात काढावा. दिवाळे, सारसोळे, जासई, उलवे. जाताना नकाशा न्यावा, पण गुंडाळलेला. तो गावकऱ्यासमोर उलगडावा आणि त्याच्या हातात पेन्सिल द्यावी. तो रेघ कदाचित वाकडी ओढेल. खाडीचं पाणी कुठून चढतं, हे मात्र त्याला ठाऊक आहे.

नवी मुंबई घडवणाऱ्यांचं ऋण मोठं आहे, ते मी मानतो. तसंच ज्यांच्या भाताच्या खाचरांवर हे शहर उभं राहिलं, त्यांचंही. पहिल्यांची नावं आराखड्याच्या पहिल्या पानावर छापलेली आहेत. 'नैना'च्या आराखड्यांत दुसऱ्यांची नावं कुठे येणार, हे ठरायला अजून वेळ आहे. निदान ते ठरेल तेव्हा ती माणसं खोलीत असावीत.